काल्पनिक प्राणी घडविणारा चित्रकार : ओळख एका नव्या व्यवसायाची

व्हिडिओ गेमचे नाव काढले की पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि ते स्वाभाविकही आहे. ऐन परीक्षेत मुले मोबाईल सोडीत नाहीत, ही तक्रार शिरूरपासून दौंडपर्यंत घरोघरी आहे. परंतु त्या पडद्यावर जो पंखांचा सिंह झेप घेतो, जो राक्षस गुरगुरत येतो, तो आपोआप उगवलेला नसतो. कोणीतरी तो कागदावर कल्पिलेला व संगणकावर घडविलेला असतो आणि त्या कामाचा त्याला मोबदला मिळतो. अशा कलाकाराला ‘क्रिएचर आर्टिस्ट’ म्हणतात. चित्रकलेची आवड असणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना या व्यवसायाची दोन्ही बाजूंनी माहिती व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कला जुनी, साधन नवे

काल्पनिक प्राणी ही काही परदेशातून आलेली गोष्ट नव्हे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातील कलावंतांनी मारविजयाचा प्रसंग कोरला आहे. १ क्रमांकाच्या लेण्यात तोच प्रसंग रंगविलेला आहे. ध्यानस्थ बोधिसत्त्वावर माराचे विक्राळ सैन्य चालून येते आणि मध्यभागी ते मुख शांतच राहते. सैन्य भयानक दिसते म्हणूनच ती शांती मोठी वाटते. काल्पनिक प्राण्याने कथेला अर्थ द्यायचा असतो, हे तत्त्व त्या कलावंतांना ठाऊक होते. गेमच्या चित्रकारालाही तेच पाळावे लागते.

आजचे उदाहरण तर आपल्या पुण्याचेच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील छोट्या चमूने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम तयार केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अयशस्वी झाला, तरीही त्यांनी काम सोडले नाही आणि २०२० मध्ये गेम बाजारात आला. असुरांच्या फौजेशी लढणाऱ्या एका मुलीची ही कथा. त्यातील दृश्यांसाठी पहाडी लघुचित्रांची शैली आणि कथाभागासाठी छायाबाहुल्यांची पद्धत वापरली आहे. आपल्याच मातीतील कलेचा अभ्यास जगाच्या बाजारात उपयोगी पडतो, हे यावरून दिसते.

काम कसे चालते?

प्रथम कथेनुसार प्राण्याची अनेक कच्ची रेखाटने काढली जातात. हा प्राणी कोठे राहतो, काय खातो, कसा हल्ला करतो, हे ठरले की एक रेखाटन निवडून ते समोरून, बाजूने व मागून नीट काढतात. नंतर दुसरा कलाकार मातीची मूर्ती घडवावी तशी संगणकावर त्याची त्रिमितीय मूर्ती घडवितो. या मूर्तीत लक्षावधी बारीक पृष्ठे असतात. एवढा भार गेमला पेलत नाही, म्हणून तिची हलकी आवृत्ती करतात, तिच्यावर कातडी, खवले, केस यांचे रंगकाम करतात, आत हाडांचा सांगाडा बसवितात आणि मग तो प्राणी चालू लागतो. मोठ्या कंपनीत ही कामे वेगवेगळी माणसे करतात. छोट्या चमूत एकालाच दोन-तीन कामे यावी लागतात.

भारतात बंगळूरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह १९९७ मध्ये सुरू झाली, तर युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये पुण्यात स्टुडिओ घेतला. परंतु आपल्याकडील पुष्कळसे काम परदेशी गेमसाठी, दुसऱ्याने ठरविलेल्या आराखड्याप्रमाणे करून देण्याचे असते. नवख्या कलाकाराच्या वाट्याला बहुधा दगड, झाडे, पेट्या, शस्त्रे येतात. प्राणी नंतर मिळतो. हे आधीच माहीत असलेले बरे.

खरा प्राणी पाहिल्याशिवाय खोटा प्राणी जमत नाही

या व्यवसायाचे सारे मर्म येथे आहे. शेळीचा मागचा पाय पाहा. त्याचा गुडघा उलटा वळला आहे असे वाटते. वास्तविक ती तिची टाच आहे. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. भिगवणच्या पाणवठ्यावर येणाऱ्या फ्लेमिंगोचेही तसेच. ज्याला हे कळले, त्याने काढलेला राक्षस जमिनीवर घट्ट उभा राहतो. ज्याला कळले नाही, त्याचा राक्षस कितीही शिंगे लावली तरी लंगडाच दिसतो.

पंखांचेही तेच. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच होय आणि तो हलविणारे मोठे स्नायू छातीच्या हाडाला चिकटलेले असतात. चार पायांच्या घोड्याला पंख द्यायचे, तर ते स्नायू बसणार कोठे, याचा विचार चित्रकाराला करावा लागतो.

या अभ्यासासाठी आपला भाग भाग्यवान आहे. मोराची चिंचोलीला मोर आहेत. दौंडजवळ, बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे म्हणजे खडकाच्या पोताची उघडी शाळाच. गाय, बैल, शेळी, कोंबडी तर दारात आहेत. बिबट्या मात्र उसात शोधू नये. त्यासाठी कात्रजचे प्राणी संग्रहालय किंवा चित्रफिती पुरेशा आहेत. रोज अर्धा तास, जिवंत प्राणी पाहून रेखाटन करावे. वही आणि पेन्सिल यांपलीकडे पहिल्या वर्षी काही लागत नाही. पुढे संगणक मिळाला की ब्लेंडर व क्रिटा ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात.

शिक्षणाच्या वाटा

शाळेत असतानाच शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा द्याव्यात. त्यातील स्मरणचित्र हा विषय या कामाला फार उपयोगी आहे. बारावीनंतर राज्याची प्रवेश परीक्षा देऊन दृश्यकलेच्या पदवीला जाता येते. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय सर्वांना परिचित आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये डिझाईनची पदवी आहे. तिच्या यूसीड या प्रवेश परीक्षेला बारावीची कला शाखाही चालते, हे अनेकांना माहीत नसते.

नोकरी देणारा मात्र प्रमाणपत्रापेक्षा कामाचा संग्रह, म्हणजे पोर्टफोलिओ, पाहतो. त्यात तीस साधारण चित्रांपेक्षा दहा उत्तम कामे असावीत, आणि कच्च्या रेखाटनापासून पूर्ण रूपापर्यंतचे टप्पे दाखवावेत.

पैशाचा हिशेब

बँकेत नोकरी करीत असल्याने या मुद्द्यावर थोडे स्पष्ट लिहितो. ‘शंभर टक्के नोकरी’ असे सांगणाऱ्या खासगी वर्गांची फी मोठी असते. शैक्षणिक कर्ज साधारणपणे मान्यताप्राप्त संस्थेच्या अभ्यासक्रमालाच मिळते. शासनाच्या शिष्यवृत्तीचे व स्वाधार योजनेचेही तसेच आहे. म्हणून प्रवेशापूर्वी पदवी कोणत्या विद्यापीठाची, मान्यता कोणाची, हे लेखी विचारावे.

कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, पण व्याज तोपर्यंत थांबत नाही. समजा चार लाख रुपये द.सा.द.शे. १० ने पहिल्याच दिवशी उचलले आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. चार वर्षांचे सरळव्याज १,६०,००० रुपये होते. हप्ता सुरू होताना डोक्यावर ५,६०,००० रुपये असतात. रक्कम वर्षावर्षाने उचलली तर व्याज कमी होते.

दुसरी गोष्ट, या क्षेत्रात २०२३ व २०२४ मध्ये जगभर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. शब्द लिहिले की चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही २०२२ पासून सर्वत्र पसरली आहेत. तेव्हा केवळ गुळगुळीत चित्र काढणाऱ्याला दिवस कठीण आहेत. हा पाय असाच का वळतो, हे ज्याला समजते आणि सांगता येते, त्याचा पाया अधिक पक्का राहील.

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक वर्ष रोज रेखाटन करून पाहा. वर्षाअखेर वही भरली आणि गोडी वाढली, तर ही वाट तुमची आहे असे समजा. पालकांनीही मुलाने वहीच्या मागच्या पानावर राक्षस काढला म्हणून लगेच रागावू नये. त्या राक्षसाचे पाय जमिनीवर नीट टेकले आहेत का, एवढे मात्र त्याला जरूर विचारावे.