कॅबिनेटचा धंदा : आधी कोणती हत्यारे घ्यावीत?

ठेकेदाराकडे वर्षानुवर्षे काम केलेले आपले कारागीर स्वतःचे दुकान काढायचे म्हटले की प्रथम मोठ्या मशीनचा भाव काढतात. पॅनेल सॉ आणि एज बँडिंग मशीन हप्त्यावर येते. ऑर्डर नसलेल्या महिन्यातही हप्ता आणि व्याज मात्र चुकत नाही. आमच्या मते पहिल्या वर्षी ही दोन्ही मशीन घेऊच नयेत. मोठ्या शहरांत माप दिले की शीट कापून, कडेला पट्टी लावून देणारे मिळतात. ती मजुरी गिऱ्हाइकाच्या अंदाजपत्रकात धरावी.

पैसा आधी मापावर घालावा. चांगली टेप, मोठा गुण्या, पाणसळ. खोका गुण्यात नसेल तर दरवाजा बसत नाही, मग बिजागरी कितीही महाग असो. पटाश्या, रंधा, हातकरवत आणि धार लावण्याचा दगड बहुतेकांकडे असतोच. शिकंजे मात्र भरपूर हवेत. दोनच असतील तर फेव्हिकॉल सुकेपर्यंत कारागीर बसून राहतो.

विजेच्या हत्यारांत ड्रिल, सनमायकाची कड साफ करणारा ट्रिमर आणि गार्ड असलेली हातातली सर्क्युलर करवत पुरे. आठ बाय चारची शीट कापताना सरळ पट्टी शिकंज्याने आवळून तिच्या आधाराने करवत चालवावी. पाते बारीक व जास्त दातांचे असावे, म्हणजे सनमायका उडत नाही. लपत्या बिजागरीसाठी 35 मिलिमीटरचे बिट लागते. 18 मिलिमीटरच्या प्लायला भोक आरपार जाऊ नये म्हणून ड्रिलला खोलीची खूण करून ठेवावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फरशी कापायचा कटर फळीखाली उलटा बसवून, गार्ड काढून त्यावर लाकूड कापायची पद्धत सर्रास आहे. त्यात बोटे जातात, आणि बोटे गेलेल्या सुताराचा धंदा कोण चालवणार? चष्मा आणि मास्कही हवाच. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवले आहे.

भांडवलाचे काय? सहीह मुस्लिममधील हदीसनुसार हजरत झकरिया (अ.) सुतार होते, या कामात कमीपणा नाही, तसा व्याजाच्या दारी जाण्याचा आग्रहही नसावा. घरातल्या कोणाकडून कर्जे-हसना मिळाले तर उत्तम. नाहीतर मुदारबा करावा : एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफ्याचा वाटा आधी ठरलेला. यात पैशाचे नुकसान पैसेवाल्याचे आणि मेहनत वाया जाते ती कारागिराची. पण करार लेखी हवा, भाऊ-भाऊ असले तरी.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार हा 18 व्यवसायांपैकी एक आहे. तीत हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आहे. ती कर्ज नव्हे. त्याच योजनेतले कर्ज मात्र 5 टक्के व्याजाचे आहे. दोन्ही वेगळे आहेत, हे अर्ज भरणाऱ्याला स्पष्ट सांगावे. नोंदणीची चौकशी जवळच्या सीएससी केंद्रात करावी. जाताना आधार, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल बरोबर न्यावा.