हलके, पण कच्चे नव्हे

सुगी संपून कडबा रचला गेला, की मराठवाड्यातल्या मुलांचा बैलगाड्यांचा कारखाना सुरू होतो. ज्वारीचा धांडा सोलायचा. वरून कडक साल निघते, आतून पांढरे, मऊ भेंड. भेंडाची चाके, सालीचे आख, आणि गाडी तयार!

आता एक गंमत पाहा. सुटी साल सहज वाकते. भेंड तर दोन बोटांत चिरडते. पण न सोललेला धांडा माणसाहून उंच उभा राहतो आणि वाऱ्यातही कणसाचा भार पेलतो. दोन लेच्यापेच्या वस्तू एकत्र आल्यावर ही ताकद येते कोठून?

धांडा वाकतो तेव्हा एका बाजूची साल ताणली जाते, दुसऱ्या बाजूची दाबली जाते. मधल्या भागावर असा ताण फारच थोडा येतो. भेंडाचे काम एवढेच, की समोरासमोरच्या साली एकमेकींपासून दूर ठेवायच्या आणि त्यांना सरकू द्यायचे नाही. याच तत्त्वावर फोमचा गाभा असलेली पॅनेल बनवतात. साल म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतूंचे कापड, भेंड म्हणजे फोम.

फळ्यावर हिशेब मांडू. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ४ मिलिमीटरच्या पत्र्यासाठी ४ चा घन, म्हणजे ६४. आता त्याचे २-२ मिलिमीटरचे दोन पत्रे करून मध्ये १२ मिलिमीटरचा हलका गाभा चिकटवला. एकूण जाडी १६. सोळाच्या घनातून बाराचा घन वजा केला की उरतात २३६८, म्हणजे ६४ च्या ३७ पट! वाढले ते फक्त फोमचे किरकोळ वजन.

वजनाची किंमत

वजन म्हणजे काय, हे लातूर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचे जाड थर कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. माळवदावर अर्धा मीटर माती धरली, तरी दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलो भार होतो. जमीन हादरली की घरावर येणारे बल वस्तुमान गुणिले त्वरण एवढे असते. म्हणजे जड छप्पर स्वतःच्याच भिंती पाडते.

पण माळवद कोणी उगाच घातले नव्हते. त्याने उन्हाळ्यात घर थंड राही. ताठ, उष्णता अडवणारे आणि तरीही हलके, अशा छपराच्या शोधात फोमचे पॅनेल हे एक उत्तर आहे. २५ मिलिमीटर फोमचे असे पॅनेल चौरस मीटरला साधारण सहा-सात किलो भरते.

पंप ओढत नाही, हवा दाबते

ते करतात असे. गुळगुळीत सपाट साच्याला मेण लावून त्यावर काचतंतूंचे कापड, मग छिद्रे व खाचा पाडलेला फोम, पुन्हा कापड अंथरतात. वर नंतर सोलून काढायचे कापड आणि रेझिन पसरवणारी जाळी येते. सगळ्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकून कडा चिकटपट्टीने हवाबंद करतात. एका कडेची नळी रेझिनच्या भांड्यात जाते, समोरच्या कडेची पंपाकडे. मध्ये एक रिकामा डबा जोडतात, म्हणजे रेझिन पंपात शिरत नाही.

आधी रेझिनची नळी बंद ठेवून हवा काढतात. कागद घट्ट बसतो. मग नळी उघडली, की रेझिन आत शिरून कापड भिजवत पुढे सरकते. आपण म्हणतो, “पंपाने ओढले.” खरे तर भांड्यातल्या रेझिनवर बाहेरची हवा दाबते आणि तेच त्याला आत ढकलते. समुद्रसपाटीला हा दाब चौरस मीटरला सुमारे १०.३ टन असतो. नांदेड सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे. तिथे तो ९.९ टनांच्या आसपास भरतो. लातूर सुमारे ६३५ मीटरवर; तिथे ९.६ टन.

पाऱ्याच्या भाषेत मुंबईला ७६० मिलिमीटर, नांदेडला सुमारे ७२८ आणि लातूरला ७०५. मुंबईच्या माहितीपत्रकात “काटा ७३० वर आणा” असे लिहिलेले असेल, तर लातूरचा कारागीर नसलेली गळती दिवसभर शोधत बसेल! गळतीची खरी परीक्षा वेगळी आहे. पंपाकडची नळी बंद करायची आणि काटा घसरतो का ते पाहायचे.

दुसरा शत्रू ऊन. तापमान १० अंशांनी वाढले की रेझिन घट्ट होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मे महिन्यात हे काम पहाटेच केलेले बरे. शिवाय थर्मोकोल पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतो, तेव्हा फोम निवडताना काळजी हवी. ही पॅनेल जळू शकतात, आणि हलके छप्पर नीट बांधले नाही तर वादळात उडते, हेही विसरून चालणार नाही.

वर्गात करून पाहा

रेझिन शाळेत नको. त्याची वाफ आणि त्यात मिसळायचे रसायन अपायकारक असते. त्याऐवजी थर्मोकोलच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना जाड कागद डिंकाने चिकटवा आणि वाळू द्या. साधी पट्टी आणि ही पट्टी दोन विटांवर आडवी ठेवून मध्ये वजने टांगा. मग एकाच बाजूला कागद लावलेली पट्टी घ्या, आणि ती उलटसुलट ठेवून पाहा.

दुसरा प्रयोग तूरडाळीचा. जाड पिशवीत डाळ भरा, तोंडाशी नळी घालून दोऱ्याने आवळा आणि हवा तोंडाने ओढून घ्या. सैल पिशवी विटेसारखी कडक होईल. तिला कोण दाबते आहे, असे मुलांना विचारा. “आपण ओढतो” असे उत्तर आले, तर घाई करू नका. नळी सोडा, पिशवी सैल होऊ द्या आणि बाहेरून आत काय शिरले, ते मुलांनाच सांगू द्या.