फ्रिजचं दार उघडलं, एवढंच

आईवडील पुण्यात, मुलं परदेशात. घरात सेन्सर बसवायची गोष्ट निघाली की आई पहिल्यांदा म्हणते, ‘कॅमेरा मुळीच नको हं!’ तिचं बरोबर आहे. पण माणूस घरात काय करतोय याचा अंदाज बांधायला कॅमेरा लागतच नाही.

ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. तीन खोल्यांच्या घरात एकटा राहणारा २६ वर्षांचा तरुण, १४ सेन्सर, २८ दिवस. सेन्सर होते दारांवर, कपाटांवर, फ्रिजवर आणि संडासाच्या फ्लशला. दाराचा सेन्सर अगदी साधा असतो: चौकटीवर छोटा स्विच, दारावर लोहचुंबक. चुंबक दूर गेला की नोंद होते.

म्हणजे सेन्सरला सगळं कळतं? छे! त्याला ‘उघडलं’ आणि ‘मिटलं’ एवढंच ठाऊक. अर्थ लावतो तो संगणक, कोणत्या नोंदीमागून कोणती आली ते पाहून. आणि त्यालाही आधी शिकवावं लागतं. तो तरुण कानाला ब्लूटूथ हेडसेट लावून आपण काय करतोय ते बोलून नोंदवत होता.

‘अचूकता ९५ टक्के’ अशा जाहिराती वाचताना मात्र सावध असावं. या प्रयोगातही मिनिटामिनिटाच्या हिशेबाने अचूकता ९५.६ टक्के भरली. पण दिवसाचा मोठा भाग माणूस झोपलेला किंवा बाहेर असतो; तेवढं ओळखलं तरी आकडा फुगतो. आंघोळ, नाश्ता, झोप अशा प्रत्येक कामाला सारखं वजन दिलं, तर चांगल्यात चांगला आकडा ७९.४. फ्रिज नाश्त्यालाही उघडतो आणि सरबतालाही, मग स्वयंपाकघरात गोंधळ व्हायचाच. त्यात घरात दोघं असली, की फ्रिज कुणी उघडला हे सेन्सर सांगू शकत नाही.

खोलीतल्या हालचालीच्या सेन्सरबद्दलही असाच समज: नोंद नाही म्हणजे काहीतरी अघटित. हा सेन्सर अंगातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतला बदल टिपतो. आजोबा आरामखुर्चीत पेपर वाचत निवांत बसले, तर त्याच्या लेखी खोली रिकामी.

राहिला खासगीपणा. कॅमेरा नाही म्हणून तो शाबूत राहतो, हा मला यातला सगळ्यात मोठा गैरसमज वाटतो. आजी रात्री किती वेळा उठली हे फ्लशचा सेन्सर वेळेसकट सांगतो, आणि ते अमेरिकेतल्या सुनेच्या फोनवर दिसावं की नाही, हे आजीला सहसा कुणी विचारत नाही.