शिंगणापुरातही लिफ्टला लॉक लागतं

ज्याच्या वस्तीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी जीप, एक बोलेरो आणि कोपऱ्यात बंद पडलेली लुना उभी आहे, त्याला आज ना उद्या गाडी उचलणाऱ्या लिफ्टचा किडा चावतोच. पोतं अंथरून गाडीखाली झोपायचं, डोळ्यात माती पाडून घ्यायची आणि नेमका बारा नंबरचा पाना हाताला लागत नाही म्हणून परत बाहेर यायचं, याला माणूस किती दिवस टिकणार? मग कोणीतरी सांगतं की पुण्याच्या एका शोरूमवाल्याने वर्कशॉप हलवलंय, टू-पोस्ट लिफ्ट निघालीय, नव्याच्या निम्म्यात देतो. तिथून पुढे झोप उडते.

नगरच्या माणसाला हा नाद लागणं साहजिकच. कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच, आणि गाड्यांशी या गावाचं नातं जुनं. १९७२ साली आलेली कायनेटिकची लुना ही नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्याची ओळख. दोघांनी उचलून ओट्यावर ठेवावी इतकी हलकी गाडी, तिला लिफ्ट कशाला? वजनाचं दुसरं टोकही इथेच आहे. लष्कराच्या आर्मर्ड कोअरने १९९४ साली उभारलेलं रणगाडा संग्रहालय. तिथल्या सेंच्युरियन रणगाड्याचं वजन ५० टनांच्या वर. गॅरेजमधली टू-पोस्ट लिफ्ट साधारण ४ टनांची असते. म्हणजे एक सेंच्युरियन उचलायला अशा तेरा लिफ्ट लागतील. तुमची बोलेरो दोन टनांच्या आत आहे, तेव्हा ताकदीची काळजी सोडा. काळजी करायच्या जागा वेगळ्या आहेत.

सलूनच्या खुर्चीतून उठलेली कल्पना

अमेरिकेत मेम्फिस गावी पीटर लुनाटी नावाचा मेकॅनिक होता. सलूनमधली वरखाली होणारी खुर्ची बघून त्याला वाटलं, माणूस असा वर जातो तर गाडी का नाही? १९२५च्या सुमारास त्याने हायड्रोलिक लिफ्ट बनवली. एकच जाड दांडा जमिनीतून वर यायचा आणि खुर्चीसारखीच वर गेलेली गाडी गोल फिरवताही यायची. म्हणून त्याच्या कंपनीचं नाव पडलं रोटरी.

त्या एकखांबी लिफ्टचे वंशज आपल्याकडे रस्तोरस्ती आहेत. वॉशिंग सेंटरवर कंप्रेसरची हवा सोडली की गाडी घेऊन वर येतो तो दांडा. हा प्रकार सेकंड हँड स्वस्तात मिळतो, पण घेऊ नका. त्याचा सिलिंडर जमिनीत खोल पुरलेला असतो, वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेला. तो कुठे गंजलाय हे उकरून काढल्याशिवाय विकणाऱ्यालाही कळत नाही.

एका युनिटात तीस फेऱ्या

लिफ्ट म्हटलं की घरातल्यांचा पहिला प्रश्न बिलाचा. बिनधास्त सांगा. ३ हॉर्सपॉवरची मोटर गाडी पूर्ण वर न्यायला मिनिटभरही घेत नाही. हिशेब केला तर एका युनिटमध्ये गाडी तीसेक वेळा वर जाते. खाली यायला तर विजेचं कामच नाही. व्हॉल्व्ह उघडला की गाडी स्वतःच्या वजनानेच उतरते.

खरी मेख फेजमध्ये आहे. शोरूममधून निघालेली लिफ्ट बहुतेक थ्री-फेज असते. घरात येते सिंगल फेज. आणि थ्री-फेज कुठे आहे? विहिरीवर! गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा; शेतीला थ्री-फेज मिळते साधारण आठ तास, तीही कधी दिवसा, कधी रात्री. सौर कृषी वाहिनीचा पथदर्शी प्रकल्प आपल्याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला झाला, तेव्हापासून दिवसाच्या विजेची आशा वाढलीय. पण लाईट दिवसा आली तरी मोटारीच्या स्टार्टरवरून लिफ्टला वायर ओढायची नाही. शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा २००३च्या वीज कायद्यानुसार अनधिकृत वापर होतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. एका युनिटात तीस फेऱ्यांचा आनंद मग तिथेच संपतो.

मार्ग दोन. महावितरणकडून घराचंच कनेक्शन थ्री-फेज करून घ्या, नाहीतर सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देणारा ड्राइव्ह बसवा. ड्राइव्ह लावणार असाल तर मोटरच्या नावपट्टीचा फोटो काढून आधी वाइंडिंगवाल्याला दाखवा, कारण प्रत्येक मोटरची जोडणी त्याला चालेलच असं नाही.

आता एक गंमत. गाडी उतरायला वीज लागत नाही, हे खरं. पण गाडी सुरक्षेच्या लोखंडी लॉकवर टेकलेली असेल तर लॉक सोडवण्यासाठी आधी ती बोटभर वर न्यावी लागते आणि त्यासाठी मोटर लागते. मध्येच लाईट गेली, तर ती येईपर्यंत गाडी वर आणि मालक खाली.

तेल उचलतं, लोखंड धरतं

हायड्रोलिक लिफ्टच्या तेलात दाब असतो दीडशे बारच्या आसपास. गाडीच्या टायरमध्ये असतो जेमतेम दोन-सव्वादोन. इतक्या दाबाचा पाइप कधीतरी फुटू शकतो, हे धरूनच लिफ्ट बनवलेली असते. म्हणून गाडी वर गेली की ती तेलाच्या भरवशावर ठेवायची नाही, थोडी खाली सोडून लोखंडी लॉकवर टेकवायची. वर जाताना दोन्ही खांबांतून जो टक-टक आवाज येतो, तो या लॉकचाच.

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दरवाजे नाहीत. २०११ साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली, तेव्हा देशभर बातमी झाली. पण शिंगणापूरच्या मेकॅनिकलासुद्धा लिफ्टचं लॉक काढून चालत नाही. जुनी लिफ्ट बघायला गेलात आणि आवाज एकाच खांबातून आला, किंवा 'लॉकचं काय, आम्ही बांधून ठेवलंय, कटकट नको' असं उत्तर मिळालं, तर चहा पिऊन परत फिरा.

फडकं आणि खडू

जुनी लिफ्ट तपासायला दोन वस्तू खिशात हव्यात.

फडकं केबलसाठी. दोन्ही बाजू सारख्या वर जाव्यात म्हणून खांबांमध्ये तारदोर असतात. लिफ्ट खाली, मोटर बंद, मग जाड सुती फडकं तारेभोवती धरून हळूहळू सरकवत न्या. तुटलेला एखादा बारीक तंतू डोळ्याला दिसत नाही, पण फडक्यात अडकतो. पुलीजवळ जास्त वेळ द्या, तार तिथेच वाकून वाकून थकते. तुमचं बोट मात्र फडक्याच्या बाहेर येऊ देऊ नका.

खडू गळतीसाठी. मिळेल ती सर्वांत जड गाडी चढवा, छातीपर्यंत उचला, लॉकवर न टेकवता थांबवा आणि सरकणाऱ्या भागाच्या कडेला खांबावर खडूने रेघ ओढा. गाडीखाली कोणी जायचं नाही. पंधरा मिनिटांनी रेघ बघा. गाडी खाली सरकली असेल तर सिलिंडरचं सील गेलंय किंवा व्हॉल्व्ह गळतोय. हा खर्च परवडणारा आहे, पण किमतीतून वजा करून घ्या. एक बाजू वर आणि दुसरी खाली दिसली, तर केबल ताणून काम भागतं का ते बघा. नाही भागलं तर प्रकरण खोल आहे.

काही जुन्या लिफ्ट हायड्रोलिक नसतात, उभ्या स्क्रूवर चालतात. त्यांचा जीव एका नटात. हा पितळी नट झिजतो, म्हणून त्याच्याखाली दुसरा, सुरक्षेचा नट दिलेला असतो. मुख्य नट जसा झिजतो तसं दोघांमधलं अंतर कमी होत जातं. टॉर्च मारून ते अंतर बघायचं. दोन नट एकमेकांना चिकटलेले दिसले, तर मुख्य नट संपलाय. तो नवा मिळत नसेल, तर ही लिफ्ट फुकट दिली तरी महाग.

दहा फुटी स्लॅबखालचं गणित

'आमच्या पोर्चमध्ये बसेल ना?' बसेल. खांब नऊ-साडेनऊ फुटांचे, स्लॅब दहा फुटांचा, म्हणजे खांब नक्की बसतील. गाडी किती वर जाईल ते मोजा. स्विफ्टची उंची दीड मीटर, म्हणजे पाच फूट. उरले पाच फूट. साधारण उंचीचा माणूसही तिच्याखाली सरळ उभा राहणार नाही. स्कॉर्पिओ क्लासिकची उंची जवळजवळ दोन मीटर, ती साडेतीन फूट वर जाऊन थांबते. लिफ्टचा प्रवास सहा फुटांचा असताना वरून स्लॅब आडवा येतो. म्हणून नगरकडच्या वस्तीवरचं चौदा फुटी पत्र्याचं शेड शहरातल्या बंगल्यापेक्षा लिफ्टला जास्त लायक.

स्लॅबवाल्यांसाठी सिझर लिफ्ट बरी. ती कंबरेएवढी उचलते, सिंगल फेजवरची मिळते, खांब नाहीत. ब्रेक, टायर, सस्पेन्शनची कामं आरामात होतात. गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर मात्र ती मधोमध आडवी येते.

आणि खड्डा? आजोबांच्या काळापासून चालत आलेला स्वस्त उपाय. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. शिवाय पावसाळ्यात सकाळी खड्ड्यात उतरण्याआधी टॉर्च मारावी लागते. घोणशीला सावली आवडते.

शहाबादीवर नाही, पेव्हर ब्लॉकवर तर नाहीच

टू-पोस्ट लिफ्टचं सगळं वजन दोन खांबांच्या पायाशी, चार-सहा बोल्टवर येतं. खाली सलग काँक्रीट हवं. किमान चार ते सहा इंच सांगतात, पण लिफ्टच्या पुस्तिकेत असेल तो आकडा पाळा. नगर जिल्ह्याचा बराच भाग काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरची फरशी उचलून टाकते. म्हणून काळी माती काढून, मुरूम भरून, चोपून मगच काँक्रीट टाका. त्याला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात. लिफ्ट दारात येऊन पडली म्हणून आठव्या दिवशी बोल्ट ठोकणारे असतात. त्यांच्याकडे तुमची गाडी देऊ नका.

छोटा हत्तीचं शेपूट

सौदा झाला की भाड्याला छोटा हत्ती बोलावला जातो. लिफ्टचं वजन सहा-सातशे किलो, ते त्याला पेलेल. पण त्याचा हौदा सात फुटांचा आणि खांब नऊ फुटांचा. पुणे-नगर रस्त्यावर दोन फूट लोखंड मागे लोंबकळत आणण्यापेक्षा पिकअप सांगा. उतरवायला चेन कुप्पी आणि चार माणसं हवीत. चारही आर्म, अडॅप्टर आणि रबर पॅड मोजून घ्या. चेसिसवाल्या जीप-बोलेरोला उंच अडॅप्टर लागतात आणि नेमके तेच शोरूमच्या कपाटात राहून जातात.

घासाघीस खांब, मोटर आणि टाकीवर करा. तारदोर, अँकर बोल्ट, तेलाचा पाइप आणि रबर पॅड नवेच घ्यायचे, तो खर्च आधीच धरा. महिन्यातून एकदा ऑइल बदलण्यापुरतं काम असेल तर लिफ्टचा विचार सोडा. चांगला ट्रॉली जॅक आणि चार भक्कम स्टँड घ्या. आणि विकणारा 'आत्ता लाईट नाही, नंतर चालवून दाखवतो, टोकन देऊन ठेवा' म्हणाला, तर लाईट असेल त्या दिवशी परत जा. तोवर पैसे खिशातच ठेवा.