अलार्म वाजतोय, पण चोर कुठाय?

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालात की पाली लागतं, बिंदुसरा धरणाचं गाव. अशा गावात वळवाचं आभाळ कडाडलं की दुकानातला अलार्म चोर नसतानाच बोंबलू शकतो. दोन-तीनदा असं झालं की मालक वैतागून तो बंदच करतो. मग खरा चोर आला तर?

वीज थेट दुकानावरच पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी सेन्सरच्या लांबलचक वायरीत व्होल्टेज उसळतं. ही वायर लाइटच्या वायरीला खेटून नेली असेल, तर मोटर सुरू होतानाही गडबड होते. दोन्ही लांब ठेवा, मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा.

पण खरी गोम अर्थिंगची. तुमच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायर तरी आहे का? (स्वतः उघडून बघू नका हं, वायरमन बोलवा!) मराठवाड्यातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगची मातीशी पकड सुटते, तीही ऐन वळवाच्या तोंडावर. म्हणून तर खड्ड्यात कोळसा-मीठ घालतात, वरून पाणी ओततात. काही जण अलार्मसाठी वेगळाच रॉड ठोकतात. तो मेन अर्थिंगला जोडला नाही, तर वीज पडल्यावर दोन्हींमधला फरक बिचाऱ्या पॅनलमधूनच वाट काढतो.