कार्डात नाव आहे का?

आज आजारपणावर बोलू. पण औषधांबद्दल नाही, रेशनकार्डाबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईंच्या सुनेला चालताना दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागेल. घरी केशरी कार्ड होतं, दवाखाना सरकारी योजनेतला होता. पण कार्डात सुनेचं नावच नव्हतं. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून कमी केलं, सासरच्या कार्डात चढवायचं राहून गेलं. घरच्यांना थांबायचा धीर झाला नाही. बैलजोडी विकली, ताईंनी डोरलं गहाण ठेवलं, उरलेले पैसे सावकाराकडून पाच रुपये शेकड्यानं आणले. सून वाचली, पण कर्ज अजून फिटतंच आहे.

ती योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर आली. आधी पिवळं, केशरी कार्ड लागायचं. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ती लागू झाली. त्यात आपला यवतमाळही होता. आता ती सगळ्यांसाठी आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण त्यासाठी दवाखाना योजनेतला हवा आणि आजार तिच्या यादीतला हवा.

कार्डात नाव नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज करा. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, लग्नाचा पुरावा आणि आधारकार्ड जोडा. आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव सारखं आहे का, तेही बघा. एकावर माहेरचं आडनाव आणि दुसऱ्यावर सासरचं असलं, की तिथंच गाडं अडतं.

दवाखान्यात गेल्यावर पैसे भरण्याआधी ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतात ते विचारा. रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र त्यांना दाखवा. मंजुरीसाठी दवाखानाच ऑनलाइन कागद पाठवतो. पेशंट अत्यवस्थ असेल तर फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागाहून देता येतात. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कोणी पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा.

एक गोष्ट मात्र खरी. दवाखान्यात भरती न होता घेतलेली औषधं, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी यांचा खर्च योजना देत नाही. बाई दुखणं अंगावर काढते ती बहुतेक याच खर्चाच्या भीतीनं. इथे आपला गट कामी येतो. गटाच्या अंतर्गत कर्जातून त्याच दिवशी पैसे देता येतात. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तोही अशाच वेळेसाठी असतो. सावकाराच्या दारात जायच्या आधी अध्यक्षांच्या दारात जा. त्यात लाज कसली? पैसा आपलाच आहे.

तर पुढच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकासोबत प्रत्येकीनं रेशनकार्ड आणायचं. जिला वाचता येतं तिनं शेजारणीचं वाचून दाखवायचं. सुनेचं नाव आहे का, लेकराचं आहे का? नसेल तर दोघीतिघींनी मिळून तहसील गाठायची. आजार सांगून येत नाही, म्हणून कागद आधीच तयार हवेत.