उंडेऱ्याचे आकडे

बडोद्याच्या वाचकांना उंडेरा हे नाव परके नाही. परंतु लसटोचणीच्या इतिहासात त्या गावाला केवढे स्थान आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यावर लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पण लोकांचा सरकारवर विश्वास उरला नव्हता. पुण्यातील घरझडत्यांनी उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाली, हे सर्वश्रुतच आहे. त्याच सरकारच्या हातची सुई लोकांनी निमूटपणे का टोचून घ्यावी?

१८९८ साली उंडेऱ्यात प्लेग शिरला, तेव्हा हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली, उरलेल्यांना टोचली नाही. घर एक, चूल एक, उंदीरही तेच! टोचून घेणारे मुळातच सुखवस्तू असतील, ही शंका त्यामुळे आपोआप निकालात निघाली. पुढे २८ कुटुंबांत रोग पसरला. त्यांतील टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. (असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) लस घेऊनही तिघे गेले, हे हाफकिन यांनी लपविले नाही. त्या आकड्यांचे वजन माझ्या मते तेथेच आहे.

याच्या अगदी उलट प्रकार पंजाबात घडला. १९०२ च्या ऑक्टोबरात मुलकोवाल येथे १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांची लस घेतलेल्या ८८ जणांना काहीच झाले नाही. एवढी एक गोष्ट तत्काळ जाहीर झाली असती, तर अफवांना पुष्कळसा पायबंद बसला असता. परंतु चौकशीचा अहवाल सरकारने १९०६ पर्यंत दडपून ठेवला आणि दरम्यान हाफकिन यांना पदावरून दूर केले. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले, तेव्हा कोठे त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला.

परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद मात्र त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९२५ साली त्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.